कोरडी कानटोपी

१

तपासनीसांनी घोडीच्या कानांवरून टोपी उतरवली, उलटी केली, आत बोट फिरवलं आणि ते थबकले.

"हे काय आहे?"

टोपीला आतून अस्तर होतं. त्यांनी अस्तराची शिवण उसवली, तर खालून करड्या स्पंजाचा थर निघाला. दोन्ही कानांत.

घोडीचा लगाम धरून उभी असलेली पोरगी आधी हसली, कारण तिला वाटलं चेष्टा चाललीय. मग तिचा चेहरा उतरला.

"ही टोपी मी घातलेलीच नाही," ती म्हणाली. "माझी साधी होती. अस्तरसुद्धा नव्हतं तिला!"

ज्यांचा घोड्यांशी संबंध लग्नाच्या वरातीपुरताच आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्पर्धेतल्या घोड्यांना विणलेली कानटोपी घालतात. एक तर माश्या कानात शिरत नाहीत. दुसरं म्हणजे गलका जरा कमी ऐकू येतो. तिसरं म्हणजे मिरवता येतं, हे कुणी कबूल करत नाही एवढंच. उड्यांच्या स्पर्धेत टोपीत स्पंज भरला तरी चालतं. पण चालीच्या स्पर्धेत, जिथे घोड्याने शांतपणे, सांगितलेल्या चालीने रिंगणात फिरायचं असतं, तिथे आमच्याकडे स्पंजाला सक्त मनाई. घोड्याला जग ऐकू आलं पाहिजे आणि तरी तो शांत राहिला पाहिजे, त्यालाच तर गुण असतात. म्हणून बक्षीस देण्याआधी पहिल्या तीन घोड्यांच्या टोप्या काढून बघतात.

पोरगी पहिली आली होती.

"चूक असो की लबाडी, शिक्षा एकच," तपासनीस म्हणाले. हा माणूस स्वतःच्या पोराकडेसुद्धा पावती मागेल. "फेरी बाद. एक वर्ष बंदी. संध्याकाळी मैदानावरचा झेंडा उतरला की मी सही करणार."

पोरीने घोडीच्या मानेत तोंड खुपसलं. त्या घोडीला सगळे बाईसाहेब म्हणायचे. वय झालेलं, गुडघे कुरकुरायला लागलेले. तिचं हे शेवटचं वर्ष होतं, आणि पुढच्या महिन्यातली अंतिम फेरी ही दोघींची शेवटची फेरी. वर्षभराची बंदी म्हणजे दोघींचं एकत्र धावणं इथेच संपलं.

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. "सही करायला घाई कशाला? ती टोपी जरा इकडे द्या."

आमची ही पुढे आली होती.

२

आमची ही घोड्यांची डॉक्टर आहे. मी या मैदानावर ध्वनिक्षेपकावरून घोषणा करतो. लोक म्हणतात, घरात ती बोलते म्हणून मी बाहेर बोलून घेतो. म्हणोत बापडे.

तिने टोपी हातात घेतली, पण आतला स्पंज पाहिलाच नाही. बाहेरूनच कडेला चाचपली, मग पोरीला घोडीचं तोंड धरायला सांगून बाईसाहेबांच्या दोन कानांमधल्या केसांवर तळवा ठेवला.

"अहो, इथे हात लावा," ती मला म्हणाली.

केस घामाने ओले, चिकटून बसलेले होते.

"आता टोपीला लावा."

टोपी कोरडी ठणठणीत होती. एवढंच नव्हे, मधोमध इस्त्रीची घडी उमटलेली होती. एवढ्या उन्हात फेरी मारून आलेल्या घोडीच्या डोक्यावर इस्त्री कशी टिकते, हे मला माझ्या शर्टांच्या अनुभवावरून तरी सांगता येईना.

"ही टोपी फेरीनंतर चढवलीय," ती म्हणाली.

"अरे, ही तर दांडगोबाची!" पोरीचा मामा गर्दीतून आत घुसला. तोच तिचा प्रशिक्षक. दांडगोबा हा त्याचा उड्या मारणारा घोडा, अंगाने हत्ती आणि काळजाने ससा. "उद्याच्या उड्यांसाठी पेटीत ठेवली होती. स्पंज मीच शिवलाय. दोन्ही टोप्या आईने एकाच लोकरीच्या विणल्यात, निळ्या, पांढऱ्या काठाच्या. बाहेरून ओळखू येत नाहीत."

"मग साधी टोपी कुठे आहे?" तपासनीसांनी विचारलं.

बाईसाहेब बांधल्या होत्या त्या झाडाखाली मामा-भाचीची सामानाची पेटी होती. मामाने झाकण उघडलं. आत ब्रश होते, खरारा होता, खुरांचं तेल होतं. झाकणाला आतून एक जुना फोटो चिकटवला होता. तरणीताठी बाईसाहेब, पाठीवर दात पडलेली छोटी पोरगी, आणि कडेने लगाम धरलेला कुणाचा तरी सुरकुतलेला हात. टोपी मात्र नव्हती.

तपासनीस घोडीची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराकडे वळले. "फेरी झाल्यापासून घोडी तुमच्या ताब्यात होती ना?"

"होती साहेब."

"सोडून गेलात कुठे?"

"इथून हललो नाही."

"टोपीला कुणी हात लावला?"

"कुणीही नाही," मोतद्दार म्हणाला.

पोरगी त्याच्याकडे बघतच राहिली. तिला वाचवू शकणारा एकच माणूस, आणि त्यानेच तिचा दोर कापला होता.

३

"आता बघा," तपासनीस आमच्या हिला म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "टोपी बदलली असं तुम्ही म्हणता. मोतद्दार नाही म्हणतो. बरं, बदलली असं धरून चालू. मग आधीच्या टोपीत याहून जाड स्पंज नव्हता कशावरून? पुरावा लपवायलाच बदलली नसेल कशावरून?"

मला राग आला. आमच्या हिच्या भुवया जवळ आल्या.

ती सरळ पिवळ्या कोटवाल्याकडे गेली. हा दुसरा आलेला स्वार. पोरगी बाद झाली की करंडक याचाच. शिवाय झाडाजवळ घुटमळताना मी त्याला वरून, माझ्या खोलीतून, पाहिलं होतं. माझ्या मते गुन्हेगार सापडलाच होता. कोटाचा रंगही मला आवडत नव्हता.

"तुम्ही बाईसाहेबांजवळ गेला होतात?"

"गेलो होतो," तो म्हणाला आणि त्याने उजवी बाही पुढे केली. ती दंडापाशी फाटलेली होती. "पहिली येणार हे दिसतच होतं. म्हटलं, कपाळावरून हात फिरवून शाबासकी द्यावी. हे बक्षीस मिळालं."

"कानाजवळ हात नेलात वाटतं?" पोरगी रडता रडता म्हणाली. "तिला चालत नाही. कानाला ती कुणालाच हात लावू देत नाही. फक्त मला आणि मोतद्दारकाकांना. आत्ताही टोपी काढताना मी तिचं तोंड धरलं होतं म्हणून."

"तुम्ही गेलात तेव्हा मोतद्दार होते?" आमच्या हिने कोटवाल्याला विचारलं.

"होते की. त्यांनीच मला सोडवलं." मग तो जरा घुटमळला. "आणखी एक सांगू का? माझ्या तोट्याचं आहे, पण सांगतो. तिच्या फेरीत तो भयंकर आवाज झाला ना, तेव्हा मी फाटकापाशीच होतो. घोडी चांगलीच दचकली. दोन पावलं चाल बिघडली. कानात स्पंज असता तर एवढी दचकली असती का?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण तो भयंकर आवाज मीच केला होता.

४

झालं होतं असं की ध्वनिक्षेपकाचं बटण फिरवता फिरवता मी चहा घ्यायला गेलो, आणि यंत्राने अशी किंकाळी फोडली की प्रेक्षकांनी कानांवर हात ठेवले. तेव्हापासून लोक मला त्यावरून टाकून बोलत होते. परीक्षकही म्हणाले, हो, तिथे घोडी चुकली, आम्ही गुण कापले, तरीही ती पहिली आली.

"घोडी नसेल दचकली, मुलगी दचकली असेल," तपासनीस म्हणाले. "स्वाराच्या मांड्या आवळल्या की घोडा बिचकतोच."

"बरोबर," आमची ही म्हणाली. माझी बायको 'बरोबर' म्हणाली की समोरच्याने सावध व्हावं. "मग मुलीला बाजूला ठेवू. अहो, वर जा आणि मघाशी केलंत ते पुन्हा करा."

"मुद्दाम?"

"एरवी न सांगता करता. आज सांगून करा."

मी वर गेलो. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर पोरीची आजी बसली होती. सकाळपासून तिथेच होती. खाली जायला पायऱ्या जमत नाहीत, म्हणून वरूनच फेरी बघायची आणि हातातलं विणकाम चालू ठेवायचं. खाली काय चाललंय ते मी तिला थोडक्यात सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत, पण सुया जोरात वाजायला लागल्या.

"माझ्या नातीने फसवणूक केली म्हणतात?"

"सिद्ध व्हायचंय, आजी. आजोबा नाही आले?"

"यांना घरी झोपवून आलेय. दमा आहे ना! तबेल्याची धूळ म्हणजे विष. घोड्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही म्हणून मी शपथ घातलीय. बाईसाहेब यांच्या हातावर जन्मली, पण जीव आधी."

"ही आणखी एक कानटोपी वाटतं?" मी तिच्या मांडीवरच्या निळ्या लोकरीकडे बघत विचारलं.

"कानटोपी नाही. तुम्ही तुमचं काम करा."

खाली बाईसाहेबांना मोकळ्या रिंगणात उभं केलं होतं. पोरगी पार दूर, भिंतीमागे. डोक्यावर दांडगोबाची स्पंजवाली टोपी. मी बटण फिरवलं. यंत्र किंचाळलं. मैदानावरचे कावळे उडाले, आजीची सुई पडली, तपासनीसांनी डोळे मिटून घेतले. बाईसाहेबांनी शांतपणे शेपूट हलवली.

मग दुसरी टोपी. पिवळ्या कोटवाल्याने स्वतःच्या घोड्याची साधी टोपी देऊ केली. मी पुन्हा बटण फिरवलं, आणि बाईसाहेब अशा उसळल्या की मोतद्दाराच्या हातातून दोरी सुटली.

मी धडधडत खाली उतरलो तेव्हा तपासनीस टाचेने माती उकरत होते.

"मान्य," ते म्हणाले. "फेरीच्या वेळी घोडीला सगळं ऐकू येत होतं. पण मला ती खरी टोपी हवी आणि ती बदलणारा माणूस हवा. त्याशिवाय हे प्रकरण मी मिटवणार नाही. झेंडा उतरायला फार वेळ नाही राहिलेला."

आमची ही मोतद्दारासमोर जाऊन उभी राहिली.

"झाडाखाली पाण्याची बादली भरलेली आहे. नळ तिकडे प्रेक्षकांच्या बाकांमागे. पाणी कुणी आणलं?"

"मीच," तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याने जीभ चावली.

५

"म्हणजे तुम्ही घोडी सोडून गेला होतात."

मोतद्दाराची नजर हळूच वर, आजीच्या बाकाकडे गेली, आणि आमच्या हिने ती बरोबर टिपली.

"काका, बोला ना," पोरगी म्हणाली. "कुणाला सांभाळताय?"

"शब्द दिलाय पोरी. आणि देवाशप्पथ सांगतो, ज्याला दिलाय त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तो माणूस तुझ्या वाटेवर काटा टाकणार नाही. उगाच त्याच्या घरात भांडण कशाला?"

"नका सांगू," आमची ही म्हणाली. "शब्द दिलाय तर पाळा. मीच सांगते, चुकलं तर मान हलवा."

ती पेटीपाशी गेली.

"कानटोपी लगामाच्या खाली असते. ती बदलायची म्हणजे डोक्यावरचा सगळा साज उतरवायचा, कानांना हात लावायचा आणि पुन्हा चढवायचा. परक्या माणसाची बाही फाटली, हे आपण बघितलंच. तेव्हा बाईसाहेबांनी हे ज्याला करू दिलं, तो त्यांचा स्वतःचा माणूस. आता मला सांग," ती पोरीकडे वळली, "तू टोपी घालतेस तेव्हा कपाळावरच्या झुलपांचं काय करतेस?"

"वेणी घालते आणि टोपीच्या आत खोचते."

"मघाशी तपासणीला आली तेव्हा झुलपं बाहेर होती. मधोमध भांग पाडून, दोन्हीकडे चापूनचोपून बसवलेली. मला वाटलं, हल्लीची फॅशन असेल." तिने पेटीचं झाकण उघडून फोटोवर बोट ठेवलं. "मग हे पाहिलं."

फोटोतल्या तरण्या बाईसाहेबांच्या कपाळावर झुलपं होती. टोपीच्या बाहेर. मधोमध भांग.

पोरीने तोंडावर हात ठेवला.

"हा हात कुणाचा?" आमच्या हिने विचारलं.

"आजोबांचा," पोरगी म्हणाली. "पण ते तर घरी..."

मोतद्दाराने मान हलवली नाही. तो मटकन बादलीशेजारी खाली बसला.

६

"मागच्या फाटकाने आले होते," तो म्हणाला. "मला म्हणाले, हिला कळता कामा नये, शपथ मोडलीय. घोडीला डोळे भरून बघतो आणि जातो. तू जा, पाणी आण. मी पाणी घेऊन आलो तर मालक नाहीत, आणि लगेच तपासणीची हाक आली. मालकांनीच टोपी बदलली हे मला ठाऊक असतं तर माझा शब्द गेला असता खड्ड्यात!"

मामाने तिथूनच घरी फोन लावला आणि सगळ्यांना, वर बाकावरच्या आजीलाही, ऐकू येईल असा धरला. पलीकडून आधी एक दणदणीत शिंक आली, मग आणखी एक.

"झोपलो होतो," आजोबांचा आवाज म्हणाला, कुणीही काही विचारायच्या आत.

"बाबा, पोरीची फेरी बाद होतेय. टोपीत स्पंज सापडला. तुम्ही बदललीत का टोपी?"

फोनवर तिसरी शिंक आली.

"जिंकलेल्या घोडीने घामट टोपी घालून बक्षीस घ्यायला जायचं?" आजोबा म्हणाले. "उभ्या जन्मात मी असं होऊ दिलं नाही. तोंड पुसलं, भांग पाडला, पेटीत एकच टोपी होती ती चढवली. जरा जाड लागली. वाटलं, हिने नवीन विणलीय. हिच्या हातचं सगळंच जरा जाड होतं."

"आणि आधीची?"

"धुवायला आणली. माझ्या कोटाच्या खिशात आहे." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "थांबवा त्या माणसाला! मी आलो!"

झेंड्याची दोरी सोडायला माणूस खांबापाशी गेला होता, तेव्हा टॅक्सी फाटकातून आत शिरली. आजोबा कोट उलटा घालून आले होते. त्यांनी खिशातून निळा बोळा काढला. टोपी ओलसर होती, कडेला घामाचा पांढरा पट्टा, आत बाईसाहेबांचे तांबूस केस अडकलेले. अस्तर नाही. तपासनीसांनी ती उलटी केली, उजेडात धरली, हुंगलीसुद्धा.

"फेरीनंतर टोपी बदलू नये असा नियम आहे का हो?" आमच्या हिने गोड आवाजात विचारलं.

"नाही," तपासनीस म्हणाले. "उद्यापासून असेल." मग त्यांनी पोरीकडे बघून, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, लोकांसमोर म्हटलं, "माझी चूक झाली बाळ. निकाल कायम."

पोरगी आधी आजोबांच्या गळ्यात पडली, मग बाईसाहेबांच्या, मग मोतद्दाराच्या. मामा पिवळ्या कोटवाल्याचा हात सोडेचना. तो कोट तसा काही वाईट नव्हता.

आणि मग सगळे वर बघायला लागले, कारण पायऱ्यांवरून आजी उतरत होती. एक एक पायरी, कठड्याला धरून, विणकामाची पिशवी खांद्यावर. आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. लपायला घोडीशिवाय काही नव्हतं. ते घोडीमागे गेले आणि शिंकले.

"या बाहेर," आजी म्हणाली.

ते आले, शाळेतल्या पोरासारखे.

"माझ्या हातचं जाड होतं, काय?"

"तसं नव्हे गं..."

आजीने पिशवीतून विणकाम काढलं. शेवटच्या टाक्याचा धागा दाताने तोडला. निळ्या लोकरीचा, पांढऱ्या काठाचा, नाकातोंडावरून घट्ट बांधता येईल असा रुमाल होता तो. तिने तो स्वतःच्या हाताने त्यांच्या चेहऱ्याभोवती बांधला आणि मागे गाठ मारली.

"डॉक्टरांना विचारून झालंय. मोकळ्या मैदानात, तोंड झाकून, लांबून बघायचं. अंतिम फेरीला तुम्हाला घेऊन येणारच होते मी. एक महिना धीर धरवला नाही तुम्हाला?"

आजोबांना काहीतरी बोलायचं होतं, पण रुमाल खरंच जाड होता. वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते भरून आले होते. बाईसाहेबांनी मान पुढे करून तो निळा रुमाल हुंगला.

"अहो," आमची ही मला म्हणाली, "बघत काय बसलात? निकाल सांगा की!"

मी धावत वर गेलो आणि घाईघाईत बटण नको तिकडे फिरवलं. यंत्र पुन्हा किंचाळलं. बाईसाहेब दचकल्या, दोन्ही कान ताठ झाले, आणि खालचे सगळेजण माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले.